अर्धवट वर्णन

नवऱ्याची दृष्टी गेल्यापासून आपणच त्याचे डोळे, असा बायकोचा तोरा होता. पण हल्ली ऑफिसच्या कागदपत्रांतल्या चित्रांचं वर्णन तिथली, ह्याला साहेब नि हिला वहिनी म्हणणारी एक बाई लिहून पाठवायची, कॉम्प्युटर ते वाचून दाखवायचा, हा गालातल्या गालात हसायचा. हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आज अहवाल आला. ही चहा घेऊन दारातच थबकली. कॉम्प्युटर बोलला, "वर्धापनदिनाचा फोटो. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. वहिनी तेवढ्या साहेबांकडे बघताहेत." त्याने तेच पुन्हा ऐकलं. कपाची किणकिण ऐकून तो दाराकडे वळला. "खरंच गं? कधी बोलली नाहीस!" हिने इतकी वर्षं झाकून ठेवलेलं परक्या बाईने चव्हाट्यावर मांडलं होतं. "अर्धवट लिहिलंय," कप आपटत ही म्हणाली. "सरका." हिने एकेक अक्षर शोधत वर्णनापुढे ओळ जोडली. कॉम्प्युटरने ती निर्विकारपणे वाचली, "साहेबांचं तोंड मात्र हे वर्णन लिहिणाऱ्या बाईकडे वळलंय."