ओटीचा दगड

दगड तरी खोटं बोलणार नाही, असं सायलीला वाटलं.

सकाळपासून ती गेवराई तालुक्यातल्या या गोदाकाठच्या गावात पूररेषा आखत फिरत होती. मोठा पूर कुठवर चढला होता, एवढंच तिला हवं होतं. पण गावात जितकी तोंडं तितके पूर. ज्याचा प्लॉट खाली, तो म्हणे पाणी कधी आलंच नाही. ज्याला दुसरीकडे जागा हवी, त्याच्या बोलण्यात अख्खं गाव वाहून जाई. कुणावर विश्वास ठेवायचा, सांगा.

आणि गोदावरी, गाव जिला गंगाच म्हणतं, ती तर अशी निजली होती की ती कुणाचं वाईट करील हे मनाला पटेचना. दिवाळी सरलेली, ऊन कोवळं, काठावर कापूस फुटलेला. धुक्यात पलीकडचा तीर मधेच दिसायचा, मधेच नाहीसा व्हायचा. बघता बघता सायलीला गुंगी आल्यासारखं झालं.

"मॅडम, आमच्या मायला इचारा," अंगद म्हणाला. "मोठी गंगा बघितलेलं गावात आता तिच्याबिगर कुणी न्हाई."

अंगद ऊसतोडीला जायचा. त्याची बायको दिपाली पोटुशी होती. तिचं पहिलं बाळंतपण उसाच्या फडातल्या पाचटाच्या कोपीत झालं आणि ते लेकरू हाती लागलं नाही. आता उतारावरच्या जागेत घरकुल बांधायचं, तिला तिथंच ठेवायचं, एवढा एकच ध्यास अंगदनं घेतला होता. जागा पूररेषेच्या वर निघाली तर घरकुल मंजूर, वर विमाही. खाली निघाली तर पुन्हा कोपी.

अंगदची आई कौशल्याबाई सायलीला उतारावर घेऊन गेल्या. तिथं एक काळा दगड होता. त्यावर कुंकवाचे थरावर थर चढले होते.

"इथं आमी सवाशिणींनी गंगंची ओटी भरली," त्या म्हणाल्या. "खण, नारळ, तांदूळ. नवीनच लगीन झालतं माझं. इथं उभी होती ती, ह्या दगडाला टेकून. मग गेली."

"भीती नाही वाटली, आजी?"

"लेकीला कावून भ्यायचं? माहेर हाय तिचं. कधीतरी यायचीच."

कौशल्याबाई नदीकडे बघत राहिल्या, खरंच कुणाची वाट बघत असल्यासारख्या. सायलीचं मन भरून आलं. जागेसाठी माणसं खोटं बोलतात, पण कुणाला फसवायला बाया वर्षानुवर्षं कुंकू लावत नाहीत. तिनं दगडापाशी यंत्र लावलं आणि तिथून रेषा धरली.

अंगदची जागा रेषेच्या चांगली वर निघाली.

"बांधा घर," सायली म्हणाली.

पाठ फिरवून अंगदनं उपरण्यानं तोंड पुसलं. दिपाली मात्र सगळ्यांसमोर रडली. सायलीनं उभ्या उभ्या मोबाइलवरून ऑफिसला रेषा पाठवून दिली. आज आपल्या हातून एक चांगलं काम झालं, असं तिला वाटलं. अंगद लगेच चुन्याची पाटी घेऊन जागेवर गेला आणि पायाची फक्की मारू लागला. आज मुहूर्त आहे की नाही, हेसुद्धा त्यानं कुणाला विचारलं नाही.

सायली निघाली, तसं कौशल्याबाईंनी तिला अडवलं. अंगदच्या जागेच्या वर, चढावर मारुतीचं देऊळ होतं. तिथल्या पायरीवर तिला बसवलं आणि दिपालीला ओटी भरायला सांगितलं.

"आजी, आले तेव्हा साधा चहा विचारला नाहीत," सायली हसत म्हणाली. "आता एकदम ओटी?"

"चहाचं इसरलं बघ. पण ओटी आल्या आल्या भरतेत व्हय? लेक जायला निघाली की भरायची. गंगंची बी तशीच भरली, उतराय लागली तवा."

सायलीनं पदर पुढं केला होता. दिपाली त्यात तांदूळ घालत होती. खाली अंगदची पांढरी फक्की एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ चालली होती.

"मग आजी," सायलीनं हळूच विचारलं, "ती आली तेव्हा?"

"आली तवा?" कौशल्याबाईंनी देवळाकडे बघून हात जोडले. "तवा मी अन् माझी जाऊ ह्या देवळाच्या कळसाला धरून बसलो होतो, अन् पाय पाण्यात होते."