परत करण्याचं कारण

श्रावणीला चौथा महिना लागला आणि डोहाळे मात्र तिच्या नवऱ्याला लागले, ऑनलाइन खरेदीचे. शंकर नगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये निळी बाबागाडी आली, 'मम्माज हीरो' छापलेली डझनभर झबली आली, नवव्या महिन्यात निळा पाळणाही आला.

"बाळ यायच्या आधीच एवढं काहून आणून राहिला रे?" तात्यापाऱ्याच्या जुन्या घरून आलेल्या प्रमोदिनीबाईंनी लेकाला विचारलं.

"आई, सेल कल खतम हो जाएगा," अभिनव मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला.

श्रावणीला पोट्टी झाली.

पाचव्या दिवशी प्रमोदिनीबाईंनी सटवाईची पूजा मांडली. ती येऊन बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून पूजेत पेन आणि कोरा कागद ठेवतात. पेन मिळालं. पण छताला टेकतील एवढी खोकी असलेल्या त्या घरात एक कोरा कागद काही सापडेना.

अभिनव परत पाठवायच्या सामानाला चिकटपट्ट्या लावत बसला होता. पाळण्याच्या खोक्यावरचा भरलेला फॉर्म त्यानं आईकडे सरकवला. "ये लो, पीछे से कोरा है."

प्रमोदिनीबाईंनी तो उलटून पाहिला. परत करण्याचं कारण विचारलं होतं, त्यापुढे लेकाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'लड़का नहीं हुआ.'

त्यांनी पूजेतलं पेन उचलून त्याच्या हातात दिलं.



"ठेव नेऊन. सटवाईच्या आधी तूच लिहून टाकलं."