नवाकोरा माउस

ती नोकरीला लागली तेव्हा कोड लिहिण्याचा तिचा वेग बेताचाच होता. एकदा तिच्या सरांनी सगळ्यांदेखत तिचा माउस वायरीसकट उपटून नेला. "नुसती मेन्यू धुंडाळत बसते! आता कर कीबोर्डवरच काय ते." सगळे फिदीफिदी हसले. तिने ईर्ष्येने एकेक शॉर्टकट घोकला, कोड लिहायच्या एडिटरचा कोपरान् कोपरा पिंजून काढला. दिवसभराचं काम जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळं व्हायला लागलं.

आता ती टीमची प्रमुख होती आणि तेच सर तिच्या हाताखाली आले होते. स्वतः मात्र ते अजूनही माउसने मेन्यूच धुंडाळत होते. असंच चाललं तर डच्चू मिळणार, हे ओळखून त्यांनी आपणहून आपला माउस तिच्या टेबलावर आणून ठेवला.

"मॅडम, हा काढून घ्या. मलाही तुमच्यासारखं शिकू द्या."

"छे हो सर! या वयात कशाला जिवाला त्रास?" तिने ड्रॉवरमधून नवाकोरा माउस काढला आणि अगदी प्रेमाने त्यांच्या हातात ठेवला. "हाच वापरा, लोण्यासारखा फिरतो. काम मात्र माझ्या वेगाने झालं पाहिजे."