एक माणूस, एक पाकीट

"डब्यात काय टाकतेयस गं?" दीनानाथकाकांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"यादी," सुरुची म्हणाली. "मी पण टाकली तर चालेल ना?"

"अगं टाक की!" स्वयंपाकघरातून संध्यामावशी ओरडली. "तेवढंच मंडळाचं सरासरी वय खाली येईल."

काकांनी भिंतीवरचा नियमांचा कागद वाचल्यासारखा केला. तो त्यांना पाठ होता. "नव्या माणसाला बंदी नाही. मात्र एक माणूस, एक पाकीट. आणि सगळ्यांसमोर."

सुरुचीने सगळ्यांसमोर पाकीट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. आतल्या यादीखाली तिचं नाव नव्हतंच.

दीनानाथ, सत्यजित, संध्या आणि सुरुचीचे बाबा नागेश, असे चार इंजिनिअर सोळा वर्षांपूर्वी न्युरेम्बर्गला एकाच मजल्यावर राहायचे. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल बघता बघता त्यांना नाद लागला. दर एप्रिलमध्ये तिकडचे व्यावसायिक संघ कॉलेजातली मुलं एकेक करून निवडून घेतात. त्याच्या आधीच्या शनिवारी हे चौघं पहिल्या दहा मुलांची क्रमवार यादी पाकिटात घालून आणायचे. ज्याची यादी खऱ्या निवडीशी जास्त जुळेल, तो पहिला. जर्मनीत संस्था नोंदवायला सात माणसं लागतात. यांच्या मंडळात चारच होते, पण नियम सत्तर जणांना पुरतील एवढे.

त्यातला चौथा नियम बाबांचा. 'ज्याची यादी नाही, त्याचं नाव मंडळाच्या वहीतून कमी. कारण काहीही असो.' एकदा सत्यजितकाका अपेंडिक्सच्या ऑपरेशनला गेले होते. त्यांनीसुद्धा नर्सच्या हाती यादी पाठवली होती.

बाबा फेब्रुवारीत गेले.

आज टेबलावर वही होती आणि वहीवर लाल पेन.

"नागेशचं नाव आज कमी करावं लागणार," दीनानाथकाका तिच्याकडे न बघता म्हणाले. "त्याचाच नियम आहे."

"हो, हो, माहितीय," ती म्हणाली.

नाव कमी होऊ द्यायचं नाही, हे तिने मार्चमध्येच ठरवलं होतं. या खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तरी रेगेन्सबर्गला ऑफिसमधून आल्यावर रोज ती त्या मुलांचे व्हिडिओ बघत बसली. बाबांच्या जुन्या याद्या समोर ठेवल्या. बाबांनी जन्मभर गिअरबॉक्स तपासले, मुलंही ते तशीच तपासायचे. मांड्या, गुडघे, ठेवण. बॉल घेऊन पळणाऱ्यांकडे त्यांचं लक्षच नसे. "पळेल कुणीही. त्याच्यासाठी समोरच्याला अडवणारा जाड्या बघ!" म्हणून दरवर्षी त्यांच्या पहिल्या नंबरावर एक अवाढव्य मुलगा असायचा आणि दरवर्षी बाबा शेवटचे यायचे.

सुरुचीने या वर्षी नेब्रास्काचा एकशे पन्नास किलोचा मुलगा शोधला होता. पाकीट उघडलं की सांगायचं, यादी बाबांनी जानेवारीतच करून ठेवली होती, मी फक्त आणली.

पण या तिघांना संशय आला होता. संध्यामावशीने मागच्या आठवड्यात फोन करून विचारलं होतं, "नागेश वजन किलोत लिहायचा की पौंडात?" सत्यजितकाकांना बाबांची सही कशी होती ते बघायचं होतं. आणि दीनानाथकाका तर बाबांची जुनी वहीच घेऊन गेले होते, 'मंडळाच्या संग्रहासाठी'. अक्षर ताडून बघायला, दुसरं काय? आयुष्यभर क्वालिटी कंट्रोल केलेला माणूस.

"चला, वडे गरम आहेत तोवर खा," संध्यामावशीने साबुदाणावड्यांची परात आणली.

"या वर्षी माझा पहिला नंबर ऐकाल तर उडाल," सत्यजितकाका म्हणाले.

"तू दरवर्षी उडवतोस आणि तिसरा येतोस," संध्यामावशी म्हणाली.

"चौथा नागेश असतो म्हणून."

सगळे हसले. मग सगळ्यांनी एकदमच वड्यांकडे हात नेला.

"चटणीत मीठ कमी आहे," दीनानाथकाका म्हणाले.

"नियम दाखव," संध्यामावशी म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला. सुरुचीही हसली. किती दिवसांनी, ते तिचं तिलाच आठवेना.

दीनानाथकाकांनी हात पुसले, डबा उलटा केला. चार पाकिटं. त्यांनी ती दोनदा मोजली, पहिलं फोडलं, यादी मनातल्या मनात वाचली आणि टेबलावर पालथी ठेवली.

सुरुची घाईने म्हणाली, "काका, ती मी फक्त आणलीय. बाबांनी जानेवारीतच..."

"ही तू आणलेली नाही," काका म्हणाले. "हे सत्यजितचं अक्षर आहे."

सत्यजितकाका वड्याकडे बघत राहिले. संध्यामावशीने हातातली परात खाली ठेवली.

काकांनी उरलेली तिन्ही पाकिटं फोडली. त्यातलं एक त्यांचं स्वतःचं होतं. ते फोडायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. मग त्यांनी चारही याद्या सुलट करून ओळीने मांडल्या. चारही ठिकाणी पहिल्या नंबरावर नेब्रास्काचा जाड्या होता आणि चारही ठिकाणी खाली सही होती, नागेश.

दीनानाथकाकांनी वही उघडली, लाल पेनाचं टोपण काढलं आणि पट्टी धरून आधी स्वतःचं नाव कमी केलं. मग संध्याचं. मग सत्यजितचं.

चौथ्या नियमाप्रमाणे मंडळात आता एकटा नागेश उरला होता.