डिसेंबरातली गळती

सलग तिसऱ्या सकाळी दिव्यानीच्या उशीवर टपकन पाणी पडलं. बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत. डिसेंबरातली थंडी, ढगाचा मागमूस नाही.

तिच्या बापाने, डोमाने, उशी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली, जणू चूक उशीचीच. सावली तालुक्यातल्या चार गावांत घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, उतरवून नीट फेरावेत तर डोमानेच. त्याने फेरलेल्या घरात भर पावसाळ्यात सारवलेली जमीन ओली होत नसे. आणि लेकीच्या या टीचभर खोलीपुढे त्याची मती पार गुंग झाली होती.

खोली म्हणजे चाकांवरचं घर. कोण्या हौशी पाहुण्याने जीपमागे जोडून आणलं आणि मोहर्लीच्या एका रिसॉर्टवाल्याला विकून टाकलं. पत्र्याचं, सपाट डोक्याचं. दिव्यानी सफारीची गाइड, तिची सोबतीण दामिनीही गाइडच. भल्या सकाळी जंगलाच्या गेटवर हजर राहावं लागतं म्हणून दोघींना ते राहायला मिळालं होतं. नोव्हेंबरातल्या अवकाळीत ते गळलं, अंथरुणं भिजली, आणि मालकाने हात वर केले. दुरुस्त करून राहता येत असेल तर राहा म्हणाला.

डोमाच्या बायकोला, चंदाबाईला, तेवढं निमित्त पुरलं. छप्पर साधलं तर ठीक, नाही साधलं तर पोरीला सोबत घेऊनच या, पुरे झालं ते वाघांमागं हिंडणं, असं तिने निघताना बजावलं होतं. गावाहून मोहर्लीला रोज ये-जा होण्यासारखी नव्हती. छप्पर गळलं की नोकरी गेली, इतका सरळ मामला. दिव्यानीने बापाला एकच सांगितलं होतं, "बाबा, मले घरी नेऊ नका."

डोमाने कामात कसूर ठेवली नव्हती. वाळून तडकलेला जुना लेप खरवडला, पत्रा घासून धुतला, सांध्यांवर कापडी पट्टी बसवली, वर चंद्रपूरहून आणलेलं काळं सीलंट थापलं. छताच्या मधोमध हातभर चौकोनी भोक होतं, त्यावर प्लास्टिकचं जुनं झाकण. हेच गळतीचं मूळ, त्याने ताडलं, आणि झाकण चारी बाजूंनी असं लिंपलं की मुंगीलाही वाट सापडू नये. मग वर चाळीस बादल्या पाणी ओतलं. दामिनी आत मान वर करून बसली होती. एक थेंब आला नाही.

आणि सकाळी उशी ओली.

त्याने सीलंटचा दुसरा हात दिला. उशी आणखी ओली. जितकं बुजवावं तितकं गळावं, हा कुठला न्याय? कवेलूच्या घराला उतार असतो, पाणी कुठून शिरलं ते बोटाने दाखवता येतं. या सपाट घराला ना आढं, ना वळचण. आणि पाऊसच नाही तर पाणी आणलं कुणी? डोमा आता खरोखर घाबरला होता. आपलं वय झालं, हातातलं कसब गेलं, आणि त्यापायी पोरीचं काम जाणार, असंच त्याला वाटू लागलं.

छताला लोंबणारा एक थेंब त्याने बोटावर घेऊन चाखला. कवेलूचं पाणी मातकट लागतं, डांबराचं कडवट. याला चवच नव्हती.

"रात्री खिडक्या लावून निजता का वं?" त्याने विचारलं.

"मंग? बिबट फिरते ना इथी," दिव्यानी म्हणाली. "अन् थंडी केवढी."

मंगळवार होता, सफारी बंद. दामिनीने निवांत चहा ठेवला. वाफ वर गेली, छताला भिडली, आणि बघता बघता तिथे थेंब धरले. डोमा तोंड वासून बघत राहिला. त्याच्या घरी चुलीचा धूर, भाताची वाफ, माणसांचा श्वास, सगळं कवेलूंच्या फटींतून आपसूक निघून जायचं. घराला त्यासाठी मुद्दाम भोक ठेवावं लागतं, हे त्याला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. त्या झाकणाखाली आतून एक गोल मूठ होती. खुंटी समजून तो तीन दिवस तिच्यावर आपला सदरा टांगत होता. त्याने सदरा काढला, मूठ फिरवून पाहिली. वरून लिंपलेली, हलणार कशी? तो स्वतःवरच हसला.

शिडी चढून त्याने पत्र्याला टेकलेला चौकटीचा बुडाचा सांधा तसाच ठेवला आणि झाकणाची कड तेवढी चाकूने मोकळी केली. खालून दिव्यानीने मूठ फिरवली. झाकण कुरकुरत उघडलं आणि गार हवेत पांढरी वाफ वर आली. डोमाने तिच्यावर तळहात धरला. ऊब लागली. चहाची होती, आणि दोन पोरींच्या रात्रभरच्या श्वासाची. त्याने बराच वेळ हात काढला नाही.

दुसऱ्या सकाळी उशी कोरडी होती. तोवर चंदाबाईचा फोन आलाच.

"साधलं का जी?"

"साधलं. कोरडं हाय."

"एकही भोक ठेवलं नाई न?"

"एक ठेवलं."

"काऊन? पाणी आलं म्हंजे?"

"झाकण हाय त्याले. मूठ आतून हाय," डोमा म्हणाला. "कवा उघडाचं अन् कवा लावाचं, ते तिले समजते."