शून्याचं गाव

“तुमच्या गावाचा आकडा शून्य आहे,” असं म्हणत नीलिमानं अहवालाचं पान बायकांकडे वळवलं. “दोन वर्षांत एकही तान्हं लेकरू दगावलं नाही. असं गाव आम्हाला दुसरं सापडलं नाही.”

अंगणवाडीच्या ओसरीवर पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. एकीच्याही तोंडावर हसू आलं नाही.

आपलं बोलणं पुस्तकी झालं, असं नीलिमाला वाटलं. ती आदिलाबादच्या एका भुसार दुकानदाराची मुलगी. इथली बोली तिला कळायची, पण हैदराबादच्या संशोधन संस्थेत आठ वर्षं काढल्यावर ती जिभेवर येत नव्हती. तिनं पुन्हा सोपं करून सांगितलं. भीमपूर मंडलातली आणि आसपासची मिळून वीस गावं. चिठ्ठ्या टाकून दहा गावांना बाळंतिणींसाठी गाडी दिली, दहांना नाही. मग तीन वर्षांपूर्वी घरोघरी जाऊन विचारलं, मागच्या दोन वर्षांत कुणाचं लेकरू गेलं का. गाडीची दहा गावं तिच्या सहकाऱ्यानं, करणनं पालथी घातली. बिनगाडीची दहा तिनं.

“करणच्या गावांत अकरा लेकरं गेली. माझ्या दहा गावांत मिळून दोन. म्हणजे गाडीनं काही साधत नाही, असं निघालं.”

“मंग आमच्या गावाले गाडी कवा येईन, ताई?”

हर्षाली होती. मागे भिंतीला टेकून बसलेली. तिचे दिवस भरत आले होते.

“गाडी आता कुठंच येणार नाही,” नीलिमा म्हणाली. “ज्या गावांना होती, त्यांचीही बंद झाली. तो पैसा दुसऱ्या कामाला गेला.”

हर्षालीची सासू रुख्मिणी इतका वेळ मान खाली घालून बसली होती. ती उठली.

“हर्षाली, तू घरी जाय. म्हशीले पानी दाखव.”

सून नजरेआड होईपर्यंत ती उभीच राहिली. मग नीलिमाला म्हणाली, “चाल माह्यासंग.”

कपाशीच्या बांधावरून दोघी नाल्याकडे निघाल्या. नीलिमाला हे गाव सगळ्यांत लाडकं होतं. सर्वेक्षणाच्या त्या आठ दिवसांत बायांनी तिला एकदाही जमिनीवर बसू दिलं नव्हतं. दर घरी आधी बाज टाकली जायची. शेजारच्या रेणुकाबाई ओंजळभर बोरं घेऊन यायच्या. जीपवाल्याला रुख्मिणीनं दटावलं होतं, “हळू ने रे बाबू, गोटे पाहून चालव.” नीलिमा आधी संमतीपत्र वाचून दाखवायची. तुमचं नाव कुठं येणार नाही, कायद्यानं कुणी तुम्हाला विचारू शकणार नाही. मग प्रश्न. आणि दारोदार एकच उत्तर, “नाई बाई, सारं बेस हाय.”

शेवटचं गाव झालं आणि ती रजेवर गेली. आकडे करणनं जुळवले.

नाल्याच्या काठाला पळसाची चार झाडं होती. त्यांच्या सावलीत दगडांचे छोटे छोटे ढीग, वर बोराटीचे काटे. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून. नीलिमानं मोजले. पाच.

“हे कधीचे?”

“तू यायच्या आंधीच्या दोन सालातले.” रुख्मिणी वाकली आणि एका ढिगावरची सरकलेली फांदी तिनं नीट केली. “हे हर्षालीचं. पयलं. पोरगा व्हता. तू आली त्याच्या आंधी वीस दिवस. रात्रभर कळा देल्या, सकाळी बैलगाडीत घातली. रस्त्यातच झाला. रडलाच नाई.” तिनं दुसरीकडे बोट केलं. “थे रेणुकाच्या पोरीचं. तिची पोरगी तीन दिवस जगली.”

नीलिमा बांधावर बसली.

“मी तुमच्या दारात बसून विचारलं होतं. तुम्ही हसून नाही म्हणालात.”

“व्हय.”

“हर्षालीचं लग्न सतराव्या वर्षी लावलं, म्हणून? पोलीस येतील असं वाटलं?”

“नाई.”

“मग सरकारी पैसे बंद होतील म्हणून?”

“आमाले कोन्ते पैसे भेटत व्हते, बाई?”

“माझ्यावर विश्वास नव्हता?”

रुख्मिणीनं नकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज तसाच होता. “मी त्या दिवशी घरात जाऊन तोंडात पदर कोंबला. हर्षालीले सांगतलं, बाईच्या पुढं रडायचं नाई. तिनं दात आवळून च्या करून आनला. तुले याद असन.”

नीलिमाला आठवलं. चहात साखर जास्त झाली होती. तिनं हसून सांगितलंही होतं.

“आणि बाकीची गावं?” तिनं विचारलं. तिला उत्तर नको होतं.

“थे मले काय ठाव? पन बाया सारीकडं सारख्याच.”

वारा सुटला. अहवालाची पानं नीलिमाच्या मांडीवर फडफडली. दहा गावांच्या गाड्या. त्यात बसून वेळेवर पोचलेल्या, आणि आता कधीच न पोचणाऱ्या बाया. घरी म्हशीला पाणी दाखवणारी हर्षाली.

“काऊन लपवलं, मावशी?” इतक्या वर्षांनी तिच्या तोंडी आपसूक घरची बोली आली. “एक शब्द सांगितला असता, तर गाडी आली असती. काऊन?”

रुख्मिणी तिच्याजवळ बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तुलेच सातवा लागला व्हता, माय. पोटातल्याच्या कानावर कोन घालते असं?”