मागचा आरसा

सव्विसाव्या वर्षी माझे केस गळू लागले आणि ओळखीतल्या प्रत्येकाला वैद्यकी सुचली. मावशीने कांद्याचा रस बाटलीत भरून पाठवला. ऑफिसातले नाडकर्णी नखांवर नखं घासायला सांगतात. स्वतः मात्र कानावरचे केस टाळूवरून पलीकडे नेतात. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ लावायचं औषध दिलं आणि सहा महिने धीर धरायला सांगितलं. सातवा महिना चालू आहे. धीर तेवढा दाट झालाय.

कधीच काही सुचवलं नाही ते सलूनवाल्या दिगंबरकाकांनी. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून मला बसवायचे, तेव्हापासून त्यांचा शिरस्ता एकच. केस कापून झाले की छोटा आरसा डोक्यामागे धरायचा आणि विचारायचं, “मागून बरोबर?”

आज त्यांनी मानेवर पावडर मारली, कापड झटकलं आणि म्हणाले, “झालं.” आरसा खिळ्यावरच होता.

“काका, आरसा?”

“त्याचा पारा उडालाय रे,” माझ्याकडे न बघता कात्री पुसत ते म्हणाले.

समोरच्या हॉटेलात चहा घेऊन बाहेर पडलो, तेव्हा टाळूला ऊन लागलं. टोपी सलूनमध्येच राहिली होती. परत गेलो, तर खुर्चीत दाट, कुरळ्या केसांचा एक कॉलेजकुमार बसलेला. काका त्याच्या डोक्यामागे तोच आरसा धरून विचारत होते, “मागून बरोबर?” दारातूनसुद्धा त्यात एकेक केस लख्ख दिसत होता. मला पाहताच त्यांनी आरसा खाली घेतला.

मी टोपी उचलून निघालो. अर्ध्या तासात आरशाचा पारा परत आला होता. काय लावलं, ते विचारायचं राहून गेलं.